दुसऱ्या पाण्याचा हक्क

मी, जयवंतराव धनाजीराव मोहिते, वय एकाहत्तर, धंदा चहापत्तीचा, राहणार अकोटा, बडोदे, आज हे माझे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी दोन्ही मूत्रपिंडे थकली आहेत, डोके मात्र ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. संयोगिता शिर्के यांनी दिला असून तो सोबत टाचला आहे. याआधी मी असा कागद कधी केलेला नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

वकील हार्दिकभाई अमीन यांनी मसुद्यात 'कोणाच्याही धाकाखाली वा भीतीखाली नसताना' असे शब्द घातले होते. ते मी खोडले आणि खोडलेल्या जागी सही केली. मला कोणी धाक घातलेला नाही, हे खरे. पण भीतीखाली नसताना, हे मी कोणत्या तोंडाने लिहू? परवा मंगळवारी माझ्या डाव्या हाताची शीर कापून डायलिसिसच्या मशीनसाठी तयार करणार आहेत. टेलिफोन वाजला तरी माझे तळवे गार पडतात. रात्री पाय सुजले की वर छातीपर्यंत पाणी चढेल असे वाटत राहते. हार्दिकभाई म्हणाले, "काका, आ विल छे, डायरी नथी." मी म्हटले, डायरी लिहिण्याइतका धीट असतो तर विलवर वेळ आली नसती. त्यांनी चष्मा पुसला आणि पुढे लिहू दिले.

कलम १. माझी माणसे अशी. पत्नी कमला, दिनांक २२ फेब्रुवारी १९९७ रोजी वारली. मुलगा प्रतापसिंह, केमिकल कंपनीत नोकरीला. त्याची पत्नी भक्ती. त्यांची मुलगी ओवी, वय अकरा. धाकटे बंधू उदयसिंहराव, राहणार पाणीगेट, यांच्याशी वाटण्या १९७१ सालीच झाल्या आहेत. याखेरीज माझ्या मिळकतीवर कोणाचा हक्क पोचत नाही. माझे स्नेही मोहनराव दिघे मात्र माझ्या चमच्यावर हक्क सांगतात, ते कलम पाचमध्ये येईल.

कलम २. आजोबा गायकवाड सरकारच्या रिसाल्यात होते. त्यांची तलवार वाटणीत माझ्याकडे आली. ती उदयसिंहरावांना द्यावी. आमच्या घराण्यात कोणी भ्यायले नाही, असे आजोबा सांगत आणि सांगताना माझ्याकडे बघणे टाळत. मला पाल चालत नाही, कुत्रे चालत नाही, पोलीस सरळ चालत आला तर मी रस्ता ओलांडतो. दसऱ्याला तलवार पुसायची तर मी कमलाला मूठ धरायला लावत असे. उदयसिंहरावांनी माझ्याच लग्नाच्या पंगतीत माझ्या भित्रेपणाची गोष्ट साभिनय सांगितली. चव्वेचाळीस वर्षे झाली, मी विसरलेलो नाही. तलवार त्यांना द्यावी, पण ती ज्या ट्रंकेत आहे ती ट्रंक देऊ नये. कारण कलम दहामध्ये आहे.

कलम ३. लहरीपुऱ्यातले 'जय टी डेपो' हे दुकान दोन वर्षांपासून बंद आहे. गाळा प्रतापसिंहला द्यावा. त्याला तिथे मोबाइलचे दुकान काढायचे आहे. काढावे. पाकिटातला चहा गल्लीबोळातून मिळू लागल्यावर चहाची सुटी भूकी घ्यायला कोण येणार? मी रागावलेलो नाही. फक्त आतल्या खोलीचे फडताळ मोडण्यापूर्वी भिंतीला नाक लावून पाहावे. तीस वर्षांचा वास आहे, रंग दिला की जाईल.

कलम ४. आता ज्या मालावरून हे सगळे झाले त्याची नोंद. त्याची किंमत अशी काही नाही, पण तो काय आहे हे समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

दुकानदार म्हणून माझे काम जिभेचे. कलकत्त्याहून नमुन्याच्या पुड्या येत. मी ओळीने वाट्या मांडी, चमच्याने घोट ओढी, तोंडात खेळवी आणि थुंकून टाकी. एका सकाळी चाळीस-चाळीस नमुने. गिळायचा नाही हा नियम, नाहीतर जीभ बधिर होते आणि झोप उडते. १९९१ च्या दिवाळीनंतर एका पुडीवर पेन्सिलीने 'उलाँग' असे लिहिलेले आले. दार्जिलिंगकडच्या एका बागेने थोडासा करून पाहिला होता. हिरवा नाही, काळा नाही, मधेच अडवलेला. पाने चुरगाळून गुंडाळलेली होती आणि पाण्यात पडल्यावर सावकाश उलगडत होती. मी घोट ओढला आणि थुंकायचे विसरलो.

वास पोंकाचा होता, कोवळी ज्वारी निखाऱ्यावर भाजताना येतो तसा. चव सुरुवातीला जवळजवळ नव्हतीच. गिळल्यानंतर, आपण दुसऱ्या कामाला लागल्यावर, घशातून गोडी परत वर आली. आवळा खाऊन पाणी प्याले की येते ना, तशी. मी वाटी खाली ठेवली आणि गोडी गेल्यावर पुन्हा उचलली. गोडी गेली की पुन्हा. असे दुपारपर्यंत चालले. गिऱ्हाइके परत गेली.

मी एक अख्खी पेटी मागवली आणि ती कोणाला विकता आली नाही. लहरीपुऱ्यातले गिऱ्हाईक चहा उकळणार, त्यात आले, फुदिना, साखर आणि दूध घालणार. उलाँग उकळला की कडू होतो. एका शेठाणीने पुडी परत आणून आपटली, "काका, आ चा छे के ओसडियुं?" चहा म्हणून औषधाचा काढा दिला, असे तिचे म्हणणे. मी पैसे परत केले. वाद घालायची भीती वाटली आणि आत कुठेतरी बरेही वाटले. पेटी आम्हाला उरली.

आम्हाला म्हणजे मी, कमला आणि मोहनराव. कमला सुरुवातीला हसली. आमच्याकडे एकदा वापरलेली पत्ती म्हणजे चोथा. तो धुऊन गुलाबाच्या कुंडीत टाकायचा. त्याच पत्तीवर दुसऱ्यांदा पाणी ओतून पाहुण्याला देणे हा अपमान समजतात. उलाँगचे उलटे आहे. पहिले पाणी पाने उघडण्यापुरते. खरा चहा दुसऱ्या पाण्याचा. तिसरे, चौथे, पाचवेसुद्धा निघते, पण दुसऱ्यासारखे नाही. कमला दुसरे पाणी प्याली आणि कप पुढे करून म्हणाली, "अहो, यापुढे दुसरं पाणी माझं." तेव्हापासून ते तिचेच झाले. पहिले मी, दुसरे ती, तिसऱ्यापासून पुढे मोहनराव. कागद नव्हता, पण असा पक्का करार मी धंद्यात केला नाही.

दुपारी साडेतीनला ती रिक्षाने पूल ओलांडून दुकानात यायची. ताप असला तरी यायची. पुण्याला भाचीच्या लग्नात तिला दोन दिवस उलाँग मिळाला नाही, तर ती कपाळाला सुंठ लावून पडून राहिली आणि परतल्यावर घरी न जाता थेट दुकानात आली. गुजरातेत दारूबंदी आहे, पण याच्यावर कोणाचे लक्ष नव्हते. चार वाजले की घसा आपोआप मागू लागतो. तहान नव्हे, तहान पाण्याने जाते. ही पाण्याने वाढते. मला या ओढीची तेव्हाही थोडी भीती वाटत असे. एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटते तेव्हा ती कधीतरी मिळणार नाही, हे माझ्या मनात आधी येते.

कलम ५. चव घेण्याचा चांदीचा चमचा आणि सहा पांढऱ्या वाट्या मोहनराव दिघे, संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, यांना द्याव्यात. या मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून मी त्यांनाच बोलावले होते. पण ज्याला काही द्यायचे त्याने साक्ष न केलेली बरी, असे हार्दिकभाईंचे मत पडले. साक्ष हवी की चमचा, असे विचारल्यावर मोहनरावांनी क्षणभरही विचार न करता चमचा म्हटले. त्यांना दोष देत नाही. १९९२ च्या डिसेंबरात शहरात कर्फ्यू होता. दोन तासांची सूट मिळाली की लोक दूध-भाजीसाठी धावत. मोहनराव दुधाची रांग सोडून माझ्या अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून आत आले. ते म्हणाले, "तिसरं असू दे, चौथं असू दे, काहीही द्या." शिट्टी वाजेपर्यंत आम्ही दोघे अंधारात प्यायलो. घरी दूध का आणले नाही, हे त्यांनी वहिनींना काय सांगितले ते मला माहीत नाही.

कलम ६. अकोट्यातले राहते घर माझ्या स्वकष्टार्जित पैशाने १९८४ साली बांधले आहे, त्यावर कर्जाचा बोजा नाही. हे घर माझ्या पश्चात सौ. भक्ती हिच्या एकटीच्या नावे व्हावे. प्रतापसिंहने आश्चर्य करू नये. त्याला राहायला मनाई नाही, घर तिचे आहे एवढे लक्षात ठेवून राहावे. हे कलम मी मुद्दाम कबुलीच्या आधी लिहीत आहे. पुढे जे येणार आहे त्याची ही किंमत, असे तिला वाटू नये. त्याची किंमत होत नाही.

कलम ७. बँकेत जे काही आहे ते ओवीच्या शिक्षणाला. तिला काय शिकायचे ते तिने ठरवावे. दुकानातला पितळी तराजूही तिला द्यावा, लहानपणी ती त्यात बसायला मागायची आणि मी तुटेल या भीतीने बसू दिले नाही.

कलम ८. हे कलम कायद्याने निरर्थक आहे, तरी राहू द्यावे.

मूळ मसुद्यात मी लिहिले होते: 'माझ्या शेवटच्या दिवसांत मी उलाँग मागितला, तर डॉक्टर काहीही म्हणोत, तो मला द्यावा.' हार्दिकभाईंनी टाईप करता करता हात थांबवला. म्हणाले, "काका, विल तो तमारा पछी ज बोले. तुम्ही जिवंत असेपर्यंत हा कागद मुका आहे." हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मग त्यांनी वाट सुचवली. घर अटीवर द्यायचे, शेवटी ज्याने चहा पाजला असेल त्याला घर. खोटे कशाला बोलू, मला ती युक्ती आवडली होती. नंतर स्वतःची लाज वाटली.

माझी भीती काय आहे ते इथे उघड लिहितो. मरणाची आहेच. पण त्याहून मोठी ही, की मी पलंगावर पडलेला असेन, चार वाजलेले असतील, घसा मागत असेल आणि माझ्याच घरचे माणूस माझ्या भल्यासाठी मान हलवून नाही म्हणेल. ती मान कशी हलते हे मला ठाऊक आहे. एकदा ती माझी होती.

सध्या मला दिवसाला सातशे मिलिलिटर पाण्याची मुभा आहे, औषधे, आमटी, ताक सगळे धरून. भक्ती सकाळी ओवीच्या लहानपणीच्या दुधाच्या बाटल्यांत ते मोजून भरून ठेवते, कारण त्यांवर रेघा आहेत. दिवसभर त्यांतूनच देते. एक थेंब जास्त नाही आणि कमीही नाही. तिच्याइतके कोणी माझे करत नाही. आणि माझा सारा जीव आज जिच्या हातात आहे, तिच्याशीच मी वाईट वागलो आहे.

कलम ९. हे कलम मी चार वेळा फाडले.

कमलाला माझाच आजार झाला होता, माझ्या आधी. १९९७ च्या जानेवारीपासून ती अंथरुणावर होती. तिचे पाणी मी मोजत असे, औषधाच्या बाटलीच्या टोपणाने. ती पाणी मागत नव्हती. ती उलाँग मागत होती. दुपारी घड्याळाकडे बघायची आणि म्हणायची, "अहो, एक घोट. आपला तो. दुसऱ्या पाण्याचा." मी म्हणायचो, डॉक्टर नाही म्हणतात. तोपर्यंत ते खरे होते.

अकरा फेब्रुवारीला डॉक्टर तिला तपासून बाहेर आले आणि जिन्याशी मला म्हणाले, "मोहितेभाई, हवे बाने जे भावे ते आपजो." आता त्यांना आवडेल ते द्या. एवढेच. चपला घालून ते गेले. मी जिन्यात उभा राहिलो. ही परवानगी नव्हती, हा निकाल होता, आणि तो फक्त मी ऐकला होता. मला वाटले, मी आत जाऊन पाणी ठेवले तर ते खरे होईल. नाही ठेवले तर अजून पथ्य चालू आहे, म्हणजे अजून उपचार चालू आहे, म्हणजे ती आहे. मी आत गेलो. तिने विचारले, डॉक्टर काय म्हणाले. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती रडली. कमला रडणारी बाई नव्हती. तिला फडताळातला डबा दिसत होता, तिने बोट दाखवले. मी घाबरलो आणि जे तोंडात आले ते बोललो. म्हटले, तो रिकामा आहे, भेटायला येणाऱ्या मंडळींना चहा करताना भक्तीने संपवला.

हे तिला लगेच पटले, त्याला कारण होते. भक्ती लग्न होऊन आली त्या वर्षीच्या संक्रांतीला घरी हळदीकुंकू होते. तिने फडताळातला समोरचा डबा काढला आणि चाळीस बायकांसाठी उलाँग दूध, साखर, आले, गवती चहा घालून रटरटा उकळला. नव्या सुनेला कोणी सांगितलेच नव्हते. बायका आनंदाने पिऊन गेल्या. कमला त्या दिवशी आधी हसली, मग मोरीत जाऊन डोळे पुसून आली, आणि नंतर ती गोष्ट सगळ्यांना कौतुकाने सांगत असे. त्या जुन्या, निरागस चुकीच्या आड मी लपलो.

कमलाने भक्तीला बोलावून विचारले. भक्ती म्हणाली, "आई, मी त्या डब्याला हात नाही लावला." मग तिने माझ्याकडे पाहिले. तिला वाटले मी तिच्या बाजूने बोलेन. मी म्हणालो, "आठवून बघ."

हे दोन शब्द मी उच्चारले, याची इथे नोंद व्हावी.

त्या रात्री मी डबा काढून तलवारीच्या ट्रंकेत घातला, म्हणजे कोणी उघडून पाहू नये. अर्ध्याहून जास्त भरलेला होता. कमला पुढचे दहा दिवस भक्तीशी एक शब्द बोलली नाही. भक्ती तिला पुसत होती, कूस बदलत होती, आणि कमला भिंतीकडे बघत होती. बावीस तारखेला पहाटे ती गेली. दहा दिवस मी दररोज चार वाजता त्या खोलीत होतो, आणि प्रत्येक दिवशी मला पाणी ठेवता आले असते.

प्रतापसिंहने तेराव्यानंतर भक्तीला म्हटले, तुझ्यामुळे आईला एक कप चहा मिळाला नाही. मी शेजारच्या खोलीत होतो, भिंत पातळ आहे. तेव्हापासून आमच्या घरात भक्ती गॅसचे बटण तीनदा बघते. कुलूप लावून जिना उतरते, पुन्हा चढून ओढून पाहते. मिठाचा चमचा टाकला की लगेच विचारते, "मी मीठ घातलं ना आत्ता?" ओवी तिला हसते. मी हसत नाही. तिच्या आठवणीवरचा तिचा विश्वास मी काढून घेतला आणि दहावे वर्ष सुरू झाले तरी परत केला नाही. तो परत करणे हा या मृत्युपत्राचा खरा हेतू आहे. घर, गाळा, तलवार ही सोबतची भर.

तर मी लिहून देतो की, भक्तीने त्या डब्याला हात लावला नव्हता. तिला जे आठवत होते ते बरोबर होते. खोटे मी बोललो. प्रतापसिंहने हे वाचून जे काही समजायचे ते माझ्याबद्दल समजावे.

कलम १०. उलाँगचा डबा ट्रंकेतच आहे. मी तो त्यानंतर उघडलेला नाही. कोणत्या तोंडाने पिणार? टाकवतही नव्हता. मोहनरावांना सांगितले, बागेने माल बंद केला. रोज चार वाजता माझा घसा मागतो आणि मी त्याला साधे पाणी देतो, आता तेही मोजून. डबा व ट्रंक भक्तीला द्यावी. तिला वाटले तर गुलाबाच्या कुंडीत रिकामा करावा.

कलम ११. हा कागद पाकिटात घालून लाखेने बंद करायचा, आणि माझ्यामागे हार्दिकभाईंनी वाचायचा, असे ठरले होते. कलम नऊ टाईप करून झाल्यावर हार्दिकभाईंनी ते पान पुन्हा वाचले. मग त्यांनी विचारले, "काका, त्या वेळी भक्तीबहेनने तुमच्याकडे पाहिलं ना? मग हे वाचताना त्या कोणाकडे पाहणार? फोटोकडे?"

मृत्युपत्र हा कागद मी का निवडला ते तेव्हा मला कळले. यात सगळे सांगता येते आणि हजर राहावे लागत नाही. भित्र्या माणसासाठी याहून चांगली सोय कोणी केलेली नाही.

सबब, हे मृत्युपत्र बंद करू नये. सह्या झाल्यावर ते आज दुपारी चार वाजता माझ्या हाताने भक्तीला वाचायला द्यावे. ती वाचेल तेव्हा मी खोलीत असावे. त्यानंतर तिने माझे पाणी मोजायचे सोडले, तर त्याबद्दल कोणी तिला बोल लावू नये. मी आत्ता भीत आहे, मंगळवारपेक्षा जास्त.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी हार्दिकभाई अमीन वकील यांनी करावी. वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे. प्रत्येक पानावर सही केली आहे.

ठिकाण: अकोटा, बडोदे
दिनांक: १९ नोव्हेंबर २००६, रविवार, सकाळी अकरा

सही: जयवंतराव धनाजीराव मोहिते

आमच्या दोघांच्या समक्ष लिहून देणाऱ्यांनी सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष केली:
१. डॉ. संयोगिता शिर्के
२. गोविंद रामचंद्र खोपकर, शेजारी

सहीच्या खाली लिहिलेले मृत्युपत्रात धरत नाहीत, असे हार्दिकभाई जाताना सांगून गेले. म्हणून हे इथे लिहितो.

चार वाजता भक्तीला हाक मारली. ओवी शिकवणीला गेली होती, प्रताप रविवार असूनही कंपनीत. मी कागद तिच्या हातात दिला. ती दारात उभी राहून वाचू लागली. कलम सहाला तिने एकदा वर पाहिले. कलम नऊला ती खुर्चीत बसली. मी तिच्या पायांकडे बघत होतो, वर बघायची छाती झाली नाही. ते पान तिने दोनदा वाचले.

मग म्हणाली, "म्हणजे मी नव्हते."

"नव्हतीस."

"पप्पा, मला तो डबा आठवायचा. मी त्यातून चमचा भरून काढतेय, असं दिसायचं मला. रोज दिसायचं. इतकी वर्षं." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते. "आईंची मी शेवटी माफी मागितली होती. न केलेल्याची."

मी म्हणालो, "मला माहीत आहे. मी दाराबाहेर होतो." खिडकीबाहेर शेजारच्यांचा रेडिओ चालू होता, तो बंद होईपर्यंत आम्ही तसेच बसलो.

मग ती उठली, ट्रंक उघडली, तलवार बाजूला ठेवून डबा काढला आणि स्वयंपाकघरात गेली. कुंडीत रिकामा करील असे मला वाटले. पातेल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तिने विचारले, "पाणी उकळल्यावर निवू द्यायचं ना जरा?" मी हो म्हटले.

ती कप घेऊन आली. तळाशी दोन बोटे चहा होता. मी तोंडाशी नेला आणि हात थांबला. सुजेची भीती, मशीनची भीती, का कमलाची, ते मला सांगता येणार नाही. भक्ती पलंगाशी उभी होती.

"भिऊ नका," ती म्हणाली. "मोजलंय मी. बाटलीतलंच आहे."

पोंकाचा वास राहिला नव्हता. डब्याच्या पत्र्याची चव आली होती. पण मी कप खाली ठेवल्यावर, बऱ्याच उशिराने, घशात ती गोडी आली. अगदी बारीक. मला रडू आले आणि मी ते आवरले नाही.

त्याच पत्तीवर तिने दुसरे पाणी ओतले आणि कप माझ्यापुढे धरला. मी म्हटले, ते तुझे. तिने माझ्याकडे पाहिले, मग खुर्चीत बसून सावकाश प्याली. दूध न घालता. आवडले की नाही ते बोलली नाही, कप मात्र रिकामा केला.

"ह्यांना तुम्ही सांगायचं," ती म्हणाली. "कागद पुढे करून नाही. तोंडाने."

"तू थांबशील का?"

"बसते मी इथे."

प्रताप सहाला येतो. आता साडेपाच होऊन गेले आहेत आणि माझे तळवे गार आहेत. भक्ती आत जाऊन गॅस बंद करून आली आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली आहे. ती पुन्हा बघायला उठलेली नाही.